टोपलीच्या काठावरचा हात

माझ्या सासूबाईंचं नाव शाप्पिरा, पण गावात त्यांना नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सगळे इम्मा म्हणायचे, म्हणजे आई. त्यांच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. हा मान त्यांनी मागून घेतलेला नव्हता. तापाची साथ आली तेव्हा ज्या घरात सख्खे भाऊ पाऊल टाकेनात, त्या घरात जाऊन त्या जवाची पेज पाजून यायच्या. विणकराच्या घरी जुळं झालं तेव्हा त्यांनी स्वतःचं लोकरीचं पांघरूण मधोमध कापून दोन केली. माझं लग्न ठरलं तेव्हा माझी आई म्हणाली होती, "देणाऱ्या घरात चाललीस. नशीब काढलंस." ते खोटं नव्हतं.

हे सगळं आधी सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून त्यांना कुणी कद्रू म्हणणार नाही. त्या तशा नव्हत्या.

आमचा मळा गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकडे पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेला. अंजीर, डाळिंब, थोडे जैतून. भोवती काट्यांचं कुंपण आणि दगडी उखळीत फिरणारं एकच लाकडी दार. पाण्याच्या टाक्याशेजारी पांढऱ्या अंजिराचं एक झाड आहे. त्याची साल इतकी पातळ की बोट लागलं तरी मध फुटतो. त्या झाडाला इम्मा दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. त्याचं फळ द्यायचं ते त्यांनी स्वतःच्या हाताने.

दर शुक्रवारी, शब्बाथची, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवसाची, धांदल सुरू झाली की, तबिता टोपली घेऊन मळ्याच्या दाराशी यायची. तबिता आणि इम्मा एकाच वाडीतल्या मुली, शेरडांमागे एकत्र हिंडलेल्या, आणि लग्न होऊन आल्या त्याही एकाच गावात. इम्मांना मळेवाला नवरा मिळाला, तबिताला मजुरी करणारा. तो बांधावरून पडून गेला. त्यानंतर तबिता पहिल्यांदा टोपली घेऊन आली तेव्हा तिने "शाप्पिरा" अशी हाक मारली नाही, "इम्मा" म्हणाली, आणि अगंतुगं सोडून तुम्ही म्हणायला लागली. तिला असं कुणी सांगितलं नव्हतं. पण "अगं, नावाने हाक मार की" असंही कुणी म्हणालं नाही.

इम्मा टोपली आत घेऊन जायच्या आणि ती भरून आणायच्या. खाली जव, कडेला कांदे, वर अंजिराची पानं आणि पानांवर पांढरे अंजीर. ते दिसावेत अशा बेताने मांडलेले. दाराच्या उंबऱ्यावरून टोपली तबिताच्या हातात द्यायच्या आणि स्वतःचा उजवा हात काठावर तसाच ठेवायच्या. तबिता म्हणायची, "ज्याने तुमचा मळा भरला तो तुमचं घरही भरो, इम्मा." मग हात निघायचा.

एवढंच. कधी तबिताला धाप लागलेली असायची, कधी पाठीमागून कुणी काही विचारायचं आणि ती तिकडे वळायची. हात काठावरच असायचा. इम्मा हसतमुखाने उभ्या असायच्या, घाई नाही, राग नाही. त्यांना स्वतःला ते माहीतच नव्हतं, असं मला आज वाटतं. पोळी भाजताना आपण ओठ कसे मुडपतो ते आपल्याला कुठे ठाऊक असतं?

मग सातवं वर्ष आलं.

दर सातव्या वर्षी जमीन आपली राहत नाही. ती ज्याची आहे तो वरचा ती परत घेतो. पेरायचं नाही, छाटायचं नाही, आणि आपोआप जे येईल ते सगळ्यांचं, माणसांचं आणि रानातल्या जनावरांचंही. शिंग फुंकायच्या सणाच्या आदल्या दिवशी इम्मांनी योएझेरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मळ्याचं दार उखळीतून उचलून काढायला लावलं.

"आई, नुसतं उघडं ठेवलं तरी चालतं," तो म्हणाला. "सगळे तसंच करतात."

"उघड्या दाराला पाहून गरीब माणूस बिचकतो. दारच नसलं म्हणजे कसा बिचकेल? काढ."

ते दार गोठ्यामागे नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर खुल्दा, ती जुळ्यांची आई, सगळ्यांना सांगत होती, "इम्मांनी दारच काढलं म्हणे! अशी बाई शोधून सापडायची नाही." इम्मा खाली मान घालून घागर भरत होत्या, पण त्यांना ऐकू येत होतं आणि आवडत होतं.

आमच्या गावची जुनी माणसं म्हणतात की सातव्या वर्षी फळ घेणाऱ्याने मळेवाल्याचे उपकार मानायचे नसतात. मानले, तर फळ मळेवाल्याचं झालं, आणि ते तर त्याचं नाही. पलीकडच्या गावात मानतात, आम्ही मानत नाही, यावरून सोयऱ्यांमध्ये भांडणंही झालेली आहेत. मला हे शिकवलं ते इम्मांनीच. "त्या वर्षी आभार फक्त वरच्याचे," असं म्हणाल्या होत्या.

उन्हाळ्यात अंजीर पिकले. माणसं येऊ लागली. तबिता आली ती टोपली डोक्यावर घेऊन, जिथे दार असायचं तिथून सरळ आत. इतक्या वर्षांत ती त्या उंबऱ्याच्या आत आलेलीच नव्हती. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि टाक्याकडे चालू लागली, पांढऱ्या झाडाकडे.

इम्मा वेलीच्या मांडवात सूत काढत बसल्या होत्या. "तबिता," त्यांनी हाक मारली, "उजव्या फांदीचे घे गं, ते जास्त गोड."

"बघते," तबिता म्हणाली.

तिने डाव्या फांदीचा एक तोडला, डोळे मिटून झाडाच्या फळाची प्रार्थना पुटपुटली आणि खाल्ला. दुसरा खाल्ला. इतक्या सावकाश, की मला उगाच दुसरीकडे बघावंसं वाटलं. मग घरापुरते टोपलीत घेतले आणि आली तशी निघून गेली.

इम्मांची चाती थांबली होती. "काहीच बोलली नाही," त्या म्हणाल्या.

"बोलली की. प्रार्थना म्हटली, मी ऐकली."

"ती देवाला गं."

दुसऱ्या कुणाला बोलणार ती, हे मी म्हणायला हवं होतं की नाही, कोण जाणे.

त्यानंतरच्या शुक्रवारी इम्मा उजाडताच मळ्यात गेल्या आणि पांढऱ्या झाडाचे चांगले चांगले अंजीर वेचून एक टोपली भरून आणली. त्यात नियमाविरुद्ध काही नव्हतं. घरापुरतं आपणही घेऊच शकतो. तबिता आली तेव्हा मळ्यात खुल्दा होती, आणखी चार बायका होत्या. इम्मा टोपली घेऊन पुढे झाल्या.

"कशाला उन्हात हात वर करतेस? तुझ्यासाठी वेचून ठेवलेत. घे."

तबिताने आपली टोपली खाली ठेवली आणि ही धरली. दोघी समोरासमोर उभ्या. टोपलीच्या काठावर इम्मांचा उजवा हात.

तबिता त्या हाताकडे बघत राहिली. मग अगदी हळू, विनवल्यासारखं म्हणाली, "इम्मा, हात काढा की. या वर्षी तरी."

खुल्दा फसकन हसली. तिने लगेच तोंडावर पदर घेतला, पण तोपर्यंत बाकीच्याही हसल्या होत्या. ते हसू वाईट नव्हतं; नुसतं ओळखीचं होतं. आणि तेच वाईट होतं. त्या हसण्यावरून कळलं की हात सगळ्यांना माहीत होता. कितीतरी वर्षं, घराघरांत.

इम्मांनी हात काढला. तबिताने टोपली तिथेच जमिनीवर ठेवली, आपली रिकामी उचलली आणि निघून गेली. त्या उन्हाळ्यात ती आमच्या मळ्यात पुन्हा आली नाही.

पुढे काही दिवसांनी इम्मा विहिरीवर गेल्या आणि रिकामी घागर घेऊन परत आल्या. "पाणी नको होतं मला," एवढंच म्हणाल्या. मागून पाणी घेऊन येणाऱ्या शेजारणीकडून मला कळलं. विहिरीवर खुल्दा एकीची भरलेली घागर उचलून देत होती आणि तिच्या काठावर हात ठेवून म्हणत होती, "आधी काहीतरी गोड बोल, मग सोडते!" बायका पोट धरून हसत होत्या. वळणावर इम्मा उभ्या होत्या ते हसणाऱ्यांपैकी कुणी पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी मी पीठ मळत होते. देवाच्या वाट्याचा गोळा काढून बाजूला ठेवला तेव्हा इम्मा माझ्याजवळ येऊन बसल्या.

"खरं सांग. माझा हात राहायचा?"

"हो, इम्मा."

"दर वेळी?"

"ती बोलेपर्यंत."

"आणि नाही बोलली तर?"

"तसं कधी झालंच नाही."

त्यांनी आपला उजवा हात मांडीवर उलटा करून पाहिला, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. मग म्हणाल्या, "तू कधी सांगितलं नाहीस."

"सून आहे मी."

"हं."

त्यानंतर त्या विहिरीवर जाईनाशा झाल्या. प्रार्थनाघरात मागच्या भिंतीला टेकून बसायच्या. कुणी "कशा आहात इम्मा?" विचारलं की चेहरा असा व्हायचा, जणू कुणी चारचौघांत डोक्यावरचा पदर ओढला. योएझेर म्हणाला, "आई, किती मनाला लावून घेशील? बायका आज हसतात, उद्या विसरतात."

"हसण्याचं नाही रे," त्या म्हणाल्या. "सहा वर्षं ती माझ्या दाराशी मान खाली घालून उभी राहिली. एक वर्ष देवाने तिला मान वर करून खायला दिलं होतं. तेवढंही मी खाऊ दिलं नाही."

"मग जाऊन तिला सांग तसं."

"काय सांगू? चुकले म्हणू? मग तिला म्हणावं लागेल, 'असू द्या, इम्मा.' म्हणजे पुन्हा मला बरं वाटावं म्हणून तिनेच बोलायचं."

योएझेर उठून गोठ्याकडे गेला.

वर्ष सरलं. शिंग फुंकलं गेलं, दार पुन्हा उखळीत बसलं, नांगर बाहेर निघाले. आठव्या वर्षाचा हिवाळा हा सगळ्यात कठीण. नवं पीक अजून मातीत, जुनं तळाला गेलेलं. शुक्रवार येत होते, तबिता येत नव्हती. इम्मा दर शुक्रवारी टोपली भरायच्या, दाराशी ठेवायच्या आणि दिवे लावायच्या वेळी परत आत आणायच्या.

शेवटी त्यांनी मला पाठवलं. तबिताच्या चुलीवर रानभाजी शिजत होती, भाजी कमी, पाणी जास्त. टोपलीकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

"इम्मांना सांग, माझं भागतंय."

"भागत नाहीये, आत्याबाई. दिसतंय मला."

"दिसू दे. तुझे डोळे का बांधून ठेवू?" मग जरा मवाळ झाली. "तू चांगली पोर आहेस. पण घरी जा, आणि ते घेऊन जा."

मी टोपली परत आणली. अंजिरांवरची पानं काढून इम्मा एकेक फळ पुन्हा रांजणात टाकत बसल्या.

हे अंजीर सातव्या वर्षाचेच. नेहमीच्या खळ्यात वाळवायचे नसतात म्हणून घराच्या धाब्यावर वाळवलेले. त्यांची एक मुदत असते. रानात जनावरांना ते फळ मिळेनासं झालं की माणसानेही घरात कोंडून ठेवायचं नाही. अंजिरांची मुदत हिवाळ्यातल्या दिव्यांच्या सणाला संपते. त्या दिवशी रांजण उचलून गल्लीत आणून ठेवायचे, ओळखीची तीन माणसं बोलवायची आणि त्यांच्यासमोर म्हणायचं, "इस्राएलच्या घरच्या भावाबहिणींनो, ज्याला लागेल त्याने यावं आणि न्यावं." मग ते कुणाचंही. कुणी नेलं नाही तर आपलं आपण पुन्हा आत घ्यायचं. आणि खरं सांगायचं तर कुणी नेत नाही. सगळ्यांच्याच दारात रांजण असतात, सगळेच एकमेकांची लाज राखतात. म्हणायचं, थोडं थांबायचं, उचलायचं.

सणाची सकाळ थंड होती. योएझेरने रांजण बाहेर आणले. खुल्दा आली, तिचा नवरा आला, समोरचा कुंभार आला. इम्मा बाहेर आल्या त्या दोन्ही हात शालीत गुंडाळून. ठरलेले शब्द म्हणाल्या. मग त्यांनी केलं ते कुणी कधी केलं नव्हतं. त्या रांजणांकडे पाठ करून, तोंड भिंतीकडे वळवून उभ्या राहिल्या.

"इम्मा, हे काय?" खुल्दा म्हणाली.

"मी बघत नाहीये. कुणाला न्यायचं असेल तर न्या."

कुणी हललं नाही. रीतच तशी होती. पण भिंतीकडे तोंड केलेल्या बाईला रीत आणि नकार यांतला फरक कसा कळावा? बऱ्याच वेळाने त्या वळल्या. रांजण काठोकाठ होते तसेच. त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

तेवढ्यात गल्लीच्या वरच्या टोकाने तबिता आली. तिच्या हातात मातीचा एक वाडगा होता. तिने तो आमच्या दारासमोरच्या दगडावर ठेवला. त्यात ओंजळभर सुके अंजीर होते, बारीक, काळे, ओढ्याकाठच्या रानझाडांचे. तिने शाल सारखी केली आणि घसा खाकरला.

"इस्राएलच्या घरच्या भावाबहिणींनो," ती म्हणाली, "ज्याला लागेल त्याने यावं आणि न्यावं."

त्याआधीच्या सातव्या वर्षांच्या फळांसाठी तबिताने हे कधी म्हटलं नव्हतं. म्हणायला घरात काही उरलेलंच नसायचं. कुंभाराने खाली पाहिलं. खुल्दाही. त्या बाईचे तेवढेच अंजीर, ते कोण घेणार! आता ती वाडगा उचलून परत जाईल, असं सगळे धरून चालले होते.

तबिताने मात्र आपले दोन्ही हात पाठीमागे नेले आणि तिथे बांधून ती उभी राहिली. सरळ, ताठ, इम्मांकडे बघत.

इम्मा गल्ली ओलांडून गेल्या. चार पावलांची गल्ली, पण मला वाटलं त्या पोहोचायच्याच नाहीत. वाडग्यापाशी वाकल्या, एक अंजीर उचलला, प्रार्थना म्हटली आणि तोंडात घातला. तो इतका कडक होता की चावायला वेळ लागला. चावता चावता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि पुसायला त्यांनी हात वर केला नाही. त्यांनी दुसरा घेतला, तिसरा घेतला. आभाराचा एक शब्दही नाही. तो म्हणायचा नसतो, त्या वर्षाच्या फळाला. पण न म्हणता घेणं किती जड असतं, ते मी त्या दिवशी पाहिलं.

"कसे आहेत?" तबिताने विचारलं.

इम्मांच्या तोंडात घास होता. त्यांनी मान डोलावली.

"खोटं बोलू नकोस, शाप्पिरा. बेचव आहेत."

कितीतरी वर्षांनी त्या गल्लीत ते नाव कुणी उच्चारलं. खुल्दाने माझ्याकडे पाहिलं. इम्मांनी घास गिळला. त्या लाल झाल्या होत्या, मानेपर्यंत, नव्या नवरीसारख्या.

"बेचवच आहेत गं," त्या म्हणाल्या.

मग तबिता आमच्या रांजणांकडे गेली, कुणाला न विचारता वाडगा भरून घेतला, आणि काही न बोलता वरच्या टोकाने निघून गेली. खुल्दानेही पदरात घेतले. कुंभाराने ओंजळभर घेतले. संध्याकाळी आम्ही रांजण आत घेतले तेव्हा ते निम्मे झाले होते.

हे सगळं इथे संपलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण लाज अशी एका सकाळीत धुऊन जात नाही. पुढच्या शुक्रवारी तबिता दाराशी आली. इम्मांनी तिच्या हातातून टोपली घेतली, दार सताड उघडलं आणि टोपली तिथल्या दगडावर ठेवून इतक्या घाईने मागे सरकल्या, जणू तवा हाताला लागला. तबिताकडे न बघताच झपाझप झाडांत शिरल्या.

तबिताने टोपलीत डोकावून पाहिलं. मग मोठ्याने ओरडली, "अगं शाप्पिरा, रिकामी टोपली देऊन कुठे पळतेस?"

इम्मा डाळिंबाच्या आड थांबल्या. हसावं की रडावं, त्यांना कळत नव्हतं. बाहेर यायला त्यांचे पाय धजेनात. मी कोठीकडे जायला वळले, तर तबिता उंबरा ओलांडून आत आली होती.

"राहू दे पोरी," ती म्हणाली. "जव कुठे ठेवता तुम्ही? मी घेते."

मी तिला कोठी दाखवली. तिने आपल्या हाताने मापटं भरलं, टोपलीत ओतलं, आणि जाताना झाडांच्या दिशेने म्हणाली, "घेतले गं." बस, एवढंच.

त्यानंतर शुक्रवारचा तोच रिवाज झाला. पण इम्मा जिवंत होत्या तोवर तबिता कोठीत असताना त्या कधी तिच्या समोर थांबल्या नाहीत. टाक्यापाशी जाऊन पांढऱ्या झाडाखाली बसायच्या, उजवा हात डाव्या हातात धरून, आणि "घेतले गं" ऐकू आलं की उठायच्या.